सेक्रेटॅरियट: वंशावळ आणि शर्यती, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणीतल्या आमच्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक फोटो आहे. तांबूस घोडा, पाठीवर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा अंगरखा घातलेला जॉकी, आणि मागे बराच लांबपर्यंत मोकळी माती. पेंड न्यायला आलेला माणूस त्या फोटोकडे बघतो आणि विचारतो. कोणी चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेहून आलेला असतो, कोणी अथणी-रायबागकडच्या घोडागाडी शर्यतीतला असतो. कोणी घोडा म्हणतो, कोणी कुदुरे म्हणतो, प्रश्न मात्र तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

हा घोडा कुठला? इतका नावाजलेला का?

अमेरिकेचा. नाव सेक्रेटॅरियट. व्हर्जिनिया राज्यातल्या डॉसवेल इथल्या ‘द मेडो’ या फार्मवर ३० मार्च १९७० रोजी, मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी जन्मला. १९७३ साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या. तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या या तीन शर्यतींना मिळून ट्रिपल क्राउन म्हणतात. त्याआधी १९४८ मध्ये सायटेशनने ते साधलं होतं, मग २५ वर्षं कुणालाच जमलं नाही. सेक्रेटॅरियटने तिन्ही शर्यतींत नोंदवलेल्या वेळा आजही त्या त्या शर्यतीतल्या सर्वांत कमी वेळा आहेत.

थरोब्रेड म्हणजे काय? काठेवाडी, मारवाडी घोड्यापेक्षा वेगळा कसा?

थरोब्रेड ही इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत शर्यतीसाठी तयार केलेली जात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे पूर्वेकडून नेलेले तीन घोडे तिचे मूळपुरुष मानले जातात. त्यांचा तिथल्या घोड्यांशी संकर झाला आणि १७९१ पासून वंशावळीची छापील वही ठेवली गेली. ती वही आजही चालू आहे. तिच्यात नाव नसेल तर घोडा कितीही पळो, तो थरोब्रेड नाही. कृत्रिम रेतनाचं शिंगरूही नोंदवून घेत नाहीत, नर आणि घोडी प्रत्यक्षच एकत्र यावी लागतात.

काठेवाडी आणि मारवाडी घोडे कणखर, कमी पाण्यावर टिकणारे, लांब पल्ल्याचे. आपल्या दख्खनचा भीमथडीही त्याच स्वभावाचा. थरोब्रेड दीड-दोन मिनिटांच्या धावेसाठी घडवलेला आहे. त्याचं कातडं पातळ, पाय बारीक, डोकं तापट. दोघांना एका मापाने मोजू नये.

त्याचा बाप कोण?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. आपल्याकडे बैल घ्यायचा असो की घोडा, पहिली चौकशी बापाचीच असते.

बाप बोल्ड रूलर. १९५७ चा अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम घोडा, प्रीकनेसचा विजेता, आणि पुढे आठ वेळा देशातला अव्वल पैदासी घोडा. बोल्ड रूलरचा बाप नसरुल्ला, आणि नसरुल्लाचा बाप नेअर्को. नेअर्को हा इटलीत फेदेरिको टेसिओ यांनी पैदा केलेला घोडा, १४ शर्यती धावला आणि १४ जिंकला.

नसरुल्लाचं नाव आपल्या कानाला ओळखीचं वाटतं, ते उगीच नाही. त्याची पैदास तिसऱ्या आगाखानांची. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, तेच हे आगाखान. नसरुल्लाच्या आईचं नाव मुमताज बेगम, आणि आजीचं मुमताज महल. ही आजी आपल्या काळात इंग्लंडमधली अतिशय वेगवान घोडी होती. म्हणजे बापाच्या बाजूने वर चढत गेलात तरी वेग एका घोडीपाशीच जाऊन पोचतो.

बोल्ड रूलरबद्दल एक शंका मात्र कायम होती. त्याची पिल्लं मैलभर जोरात पळतात, पण दीड मैलाला दम टिकत नाही, असं घोडेवाले म्हणत. स्वतः बोल्ड रूलर १९५७ च्या दीड मैलाच्या बेलमाँटमध्ये तिसरा आला. ती गॅलंट मॅनने २ मिनिटं २६.६ सेकंदांत जिंकली होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आई?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. मी मात्र यावर सगळ्यात जास्त बोलतो.

आई समथिंगरॉयल. ती आयुष्यात एकदाच शर्यतीत धावली आणि पहिल्या तिनात आली नाही. आपल्या बाजारात अशा घोडीकडे कुणी वळून पाहिलं नसतं. पण तिचा बाप होता प्रिन्सक्विलो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत युरोपातून अमेरिकेत आलेला हा घोडा. सुरुवातीला अगदी खालच्या दर्जाच्या, जिथे धावणारा घोडा ठरलेल्या भावाला कुणीही विकत घेऊ शकतो अशा शर्यतींत धावला. पण अंतर जसं वाढत गेलं तसा तो चमकत गेला. १९४३ मध्ये त्याने दोन मैलांचा जॉकी क्लब गोल्ड कप जिंकला. पुढे ‘घोडींचा बाप’ म्हणून, म्हणजे ज्याच्या लेकींची पिल्लं जिंकतात असा घोडा म्हणून, तो अमेरिकेत वर्षानुवर्षं पहिला राहिला. नसरुल्लाकडचा वेग आणि प्रिन्सक्विलोच्या लेकींचा दम हा मेळ अनेकांना फळला. १९७१ ची इंग्लिश डर्बी जिंकणारा मिल रीफ हा नसरुल्लाचा नातू आणि प्रिन्सक्विलोच्या लेकीचा मुलगा.

सेक्रेटॅरियटच्या आधी समथिंगरॉयलने सर गेलॉर्ड दिला होता. त्याचा मुलगा सर आयव्हर १९६८ ची इंग्लिश डर्बी जिंकला. सेक्रेटॅरियट जन्मला तेव्हा ती १८ वर्षांची होती. आमच्याकडे या वयाच्या घोडीला लोक म्हातारी म्हणून मोकळे होतात.

माझे आजोबा बेळगाव स्टेशनवर टांगा हाकायचे. त्यांची राणी नावाची घोडी होती. स्टेशन ते शहापूर फेरी झाली की ते तिच्या डाव्या पुढच्या पायामागे, फासळ्यांवर तळहात ठेवून उभे राहायचे. धडधड किती वेळात खाली बसते ते मनात मोजायचे. ‘‘पाय सगळ्यांनाच असतात, हे बघायचं असतं,’’ म्हणायचे. राणीचा बाप कोण हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिची आई कुणाकडे होती आणि ती किती चालायची, हे मात्र दहा वेळा सांगितलं.

नाणं उडवून हा घोडा मिळाला, ही गोष्ट खरी आहे काय?

खरी आहे, पण ऐकीव गोष्टीपेक्षा जरा वेगळी.

मेडो फार्म ख्रिस्तोफर चेनरी यांचं. ते आजारी पडल्यावर कारभार त्यांच्या मुलीने, पेनी चेनरी यांनी हाती घेतला. बोल्ड रूलर होता ऑग्डन फिप्स यांच्या कुटुंबाकडे. ठरलेलं असं होतं की चेनरींनी दर वर्षी दोन घोड्या पाठवायच्या, पैशांऐवजी पिल्लं वाटून घ्यायची, आणि पहिली निवड कोणाची हे नाणेफेकीवर ठरवायचं. जो जिंकेल त्याची पहिल्या वर्षी पहिली निवड, जो हरेल त्याची दुसऱ्या वर्षी.

१९६९ च्या नाणेफेकीच्या वेळी पहिल्या वर्षाची दोन पिल्लं समोर होती. दुसऱ्या वर्षी मात्र सिकाडा ही घोडी गाभण राहिली नव्हती, त्यामुळे एकच पिल्लू येणार होतं, तेही अजून समथिंगरॉयलच्या पोटात. म्हणजे जिंकणाऱ्याला एक पिल्लू, हरणाऱ्याला दोन. दोघांनाही हरायचं होतं. फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलचीच आधीची शिंगी घेतली. द ब्राइड तिचं नाव. ती एकही शर्यत जिंकली नाही. पेनींच्या वाट्याला उरलेलं शिंगरू आणि पोटातलं पिल्लू आलं. ते पोटातलं पिल्लू म्हणजे सेक्रेटॅरियट.

त्याचे तीन पाय पांढरे होते म्हणे. असा घोडा घ्यावा का?

तीन पाय पांढरे होते आणि कपाळावर चांदणी, खाली नाकाकडे उतरणारी बारीक रेघ. पंचकल्याणी म्हणायला चौथा पाय कमी पडतो. आपल्याकडे भोवरे आणि पांढरे पाय बघून घोडे नाकारले जातात, मी लहानपणापासून बघतोय. हा घोडा चिंचलीच्या बाजारात उभा असता तर चार जणांनी तरी मान हलवून पाय मागे घेतला असता. पायाचा रंग नका बघू. नळीवर हात फिरवा, गरम लागते का बघा, खूर उचलून बघा.

पहिलीच शर्यत हरला होता, खरं काय?

हो. ४ जुलै १९७२, न्यूयॉर्कचं अ‍ॅक्विडक्ट. सुटताक्षणी दुसऱ्या घोड्याचा धक्का बसला, गर्दीत अडकला आणि चौथा आला. अकरा दिवसांनी सहा लांब्यांनी जिंकला, लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर. मग जॉकी रॉन टरकॉट त्याच्या पाठीवर आले. दोन वर्षांच्या वयात तो नऊ शर्यती धावला आणि सात जिंकला. शॅम्पेन स्टेक्समध्ये पहिला येऊनही आडवं गेल्याबद्दल त्याला दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. तरीही १९७२ चा वर्षातला सर्वोत्तम घोडा तोच ठरला. दोन वर्षांच्या पोराला तो मान मिळणं फार दुर्मीळ.

प्रशिक्षक ल्युसिएन लॉरिन. आणि मोतद्दार एडी स्वेट, त्याचं नाव मी मुद्दाम घेतो. खरारा, पाणी, पट्ट्या, रात्रीची झोप सगळं त्याच्याकडे. घोडा कसा आहे हे मालकाआधी मोतद्दाराला कळतं.

त्याची किंमत किती होती?

१९७३ च्या जानेवारीत ख्रिस्तोफर चेनरी वारले आणि वारसा कराचा डोंगर उभा राहिला. तेव्हा पैदाशीचे हक्क ३२ हिश्श्यांत विकले गेले, एक हिस्सा १ लाख ९० हजार डॉलर्स. एकूण ६० लाख ८० हजार डॉलर्स, त्या काळचा विक्रम. आणि घोडा तीन वर्षांच्या वयात अजून एकदाही धावला नव्हता.

डर्बीच्या आधी तो हरला, ते कसं?

२१ एप्रिल १९७३ ची वूड मेमोरियल. अँगल लाइट पहिला, शॅम दुसरा, हा तिसरा. वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं, लगाम ओढला की दुखायचं. तोंड दुखणारा घोडा लगामाला भिडत नाही, हे टांगेवाल्याला सांगायला लागत नाही. शर्यतीनंतर मात्र वर्तमानपत्रांनी लिहिलं की बोल्ड रूलरचं पोर, लांब पल्ल्याला दम नाही.

केंटकी डर्बीत काय विशेष केलं?

५ मे १९७३, सव्वा मैल, १ मिनिट ५९.४ सेकंद. पण खरी गंमत तुकड्यांत आहे. सव्वा मैलाचे पाच पाव-मैल करा. त्याचे आकडे: २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंद.

परत वाचा. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी वेळात. एरवी घोडा सुरुवातीला जोर करतो आणि शेवटी जॉकी त्याला कसाबसा रेटत नेतो, आपल्या घोडागाडी शर्यतीत शेवटच्या टप्प्यात चाबूक का वाजतो ते यातच आलं. हा घोडा शेवटच्या ४०० मीटरला सगळ्यात जोरात होता. शॅम अडीच लांब्या मागे राहिला. शॅमही त्या दिवशी विलक्षण पळाला, दुसऱ्या एखाद्या वर्षी जन्मला असता तर डर्बी त्याची होती. मला त्या घोड्याबद्दल नेहमी वाईट वाटतं.

प्रीकनेसची वेळ नंतर बदलली म्हणतात?

१९ मेच्या त्या शर्यतीत मैदानावरचं घड्याळ बिघडलं होतं. आधी १ मिनिट ५५ सेकंद लागले असं जाहीर झालं, मग ते १:५४.४ केलं. हाताने वेळ मोजणाऱ्यांचं म्हणणं वेगळंच होतं. शेवटी २०१२ मध्ये चित्रफिती तपासून मेरीलँडच्या शर्यत आयोगाने १ मिनिट ५३ सेकंद ही वेळ मान्य केली. पेनी चेनरी तेव्हा हयात होत्या, त्यांनी ते बघितलं याचं समाधान वाटतं.

फोटो कोणत्या शर्यतीचा आहे?

बेलमाँट, ९ जून १९७३. दीड मैल, म्हणजे साधारण २,४१४ मीटर. धावायला पाचच घोडे.

सुरुवातीपासून सेक्रेटॅरियट आणि शॅम खांद्याला खांदा लावून सुटले, आणि इतक्या वेगात की जाणकार म्हणाले, आता दोघेही कोसळणार. अर्ध्या वाटेच्या पुढे शॅम खचला, शेवटी पाचवा आला. ती त्याच्या आयुष्यातली शेवटची धाव ठरली. सेक्रेटॅरियट मात्र थांबलाच नाही. टरकॉट चाबूक वापरत नव्हते, नुसते बसून होते. सव्वा मैलाच्या खुणेपाशी १ मिनिट ५९ सेकंद, म्हणजे डर्बीतल्या स्वतःच्याच विक्रमापेक्षा कमी, आणि पुढे आणखी ४०० मीटर धावायचं बाकी. ते धावून २ मिनिटं २४ सेकंद. दुसरा घोडा ३१ लांब्या मागे, म्हणजे अंदाजे ७५ मीटर.

आता १९५७ चा तो आकडा आठवा, २:२६.६. बापाला जिथे दम पुरला नव्हता, त्याच मैदानावर, त्याच अंतरावर मुलाने तो विक्रम २.६ सेकंदांनी मोडला. ते आईचं देणं.

फोटोत बघा, टरकॉटची मान डावीकडे वळलेली आहे. लोकांना वाटतं ते मागचे घोडे बघतायत. ते आतल्या मैदानातलं घड्याळ बघत होते. त्या दिवशी जिंकणाऱ्या तिकिटावर दोन डॉलर्सला २.२० मिळत होते, तरी पाच हजारांहून जास्त लोकांनी तिकीट वटवलं नाही, आठवण म्हणून घरी ठेवलं.

त्यानंतर कधी हरला?

दोनदा. ऑगस्टमध्ये व्हिटनीत ओनियनकडून, तेव्हा अंगात बारीक ताप होता. सप्टेंबरमध्ये वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटकडून. दोन्ही विजेते अ‍ॅलन जर्केन्स या एकाच प्रशिक्षकाचे. मधल्या मार्लबरो कपमध्ये मात्र त्याने नऊ फर्लांग, म्हणजे सव्वा मैलाला थोडं कमी अंतर, १:४५.४ मध्ये धावून जागतिक विक्रम केला. शेवटच्या दोन शर्यती गवतावर झाल्या, दोन्ही जिंकला. अखेरची २८ ऑक्टोबरला कॅनडात वुडबाइनला. टरकॉटवर बंदी असल्याने त्या दिवशी पाठीवर एडी मेपल होते.

एकूण हिशोब: २१ शर्यती, १६ पहिला, ३ दुसरा, १ तिसरा. पहिल्या तिनात नाही असं एकदाच घडलं, त्या पहिल्या शर्यतीत. बक्षिसं १३,१६,८०८ डॉलर्स.

त्याचं काळीज, म्हणजे हृदय, फार मोठं होतं म्हणतात. खरंच होतं काय हो?

होतं. मात्र तराजूवर कुणी तोललं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी अंदाज केला तो सुमारे २२ पौंडांचा, म्हणजे दहा किलो. थरोब्रेडचं काळीज साधारण चार किलोच्या आसपास असतं. त्यांनीच नंतर शॅमचं काळीज तोललं, ते १८ पौंड भरलं. सेक्रेटॅरियटचं निरोगी होतं, सूज नाही, दोष नाही, फक्त मोठं. त्याच्या छातीचा घेर ७५ इंचांहून जास्त होता.

हे मोठं काळीज एक्स गुणसूत्रावरून आईकडून येतं, असा एक तर्क आहे. नराला एक्स आईकडूनच मिळतो आणि तो पुढे देतो फक्त लेकींना. हा तर्क सिद्ध झालेला नाही, मी तो कुणाच्या गळी उतरवत नाही. पण पुढचा प्रश्न वाचताना तो आठवतोच.

त्याची पोरं त्याच्यासारखी का नाही निघाली?

त्याच्यासारखं कोण निघणार? तरी मुलांत रायझन स्टारने १९८८ ची प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकली, किंग्स्टन रूलने १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत जिंकला, आणि लेडीज सीक्रेट ही त्याची लेक १९८६ चा वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरली. पैदाशीला मात्र त्याचे मुलगे फारसे चालले नाहीत, आणि लोक ‘बाप म्हणून फसला’ म्हणू लागले.

त्यांनी लेकींकडे बघितलं नाही. वीकेंड सरप्राइजच्या पोटी ए.पी. इंडी. टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट. सीक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. तिघेही मोठे पैदासी घोडे झाले. २०१५ मध्ये ट्रिपल क्राउन जिंकणारा अमेरिकन फेरो आणि २०१८ मध्ये जिंकणारा जस्टिफाय, दोघांच्याही वंशावळीत वर चढत जा, स्टॉर्म कॅट लागतो, त्याच्या वर टर्लिंग्वा, आणि तिच्या वर हा फोटोतला घोडा.

तो कसा गेला?

खुराच्या आजाराने. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आत नखाला धरून ठेवणारा थर सुजतो, सुटतो, आणि घोड्याला उभं राहणंही असह्य होतं. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, १९ व्या वर्षी, केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर त्याला इंजेक्शन देऊन मुक्त केलं. शर्यतीच्या घोड्याचं सहसा डोकं, काळीज आणि खूर पुरतात. त्याला अख्खा पुरला.

एकच सांगतो. हा आजार आपल्याकडेही होतो, धान्याची पोती फोडून घोड्याने भरमसाट खाल्लं की हमखास. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा दिसला आणि खूर गरम लागला, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टर बोलवा.

आमच्या भागात रेसकोर्सचा घोडा घ्यावा काय?

मी घेतला होता, म्हणून बोलतो. बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने सहा वर्षांचा खच्ची घोडा दाखवला, मोठ्या बापाचं नाव घेतलं आणि कागदाची झेरॉक्स दिली. मी नावावर भाळलो. घरी आणून सावकाश कागद वाचला तर त्यात कपाळावर चांदणी लिहिलेली, आणि माझ्या घोड्याचं कपाळ कोरं. डाव्या पुढच्या पायाची मागची शीर बोटाएवढी जाड झाली होती. तीन आठवड्यांत लंगडायला लागला. विकला नाही. तो शेवटपर्यंत आमच्याच परड्यात राहिला, सकाळी मी गोणी ओढली की मान काढून बघायचा.

म्हणून घ्यायचाच असेल तर मूळ कागद मागा, झेरॉक्स नको. कागदावरच्या खुणा घोड्याच्या अंगावर एकेक करून जुळवा. दोन्ही पुढच्या पायांच्या शिरा एकदम दोन हातांत धरा, जाडी आणि ऊब सारखी लागली पाहिजे. आणि डांबरी रस्त्यावर पळवायचा विचार असेल तर घेऊच नका. हे पाय मातीसाठी आणि गवतासाठी आहेत, डांबरावर ते वर्षभरही टिकत नाहीत.

आणि शिंगरू घेणार असाल तर बापाचं नाव ऐकून घ्या, मग त्याची आई कुठे बांधलीय ते विचारा. जवळपास असेल तर एक दिवस मोडून जाऊन बघा. तिला थोडं चालवायला सांगा, आणि थांबली की डाव्या पायामागे तळहात ठेवा.